गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) हे भारतीय शिक्षक, अर्थकारणाचे अभ्यासक, समाजसुधारक आणि भारतीय राष्ट्रीय सभेतील मवाळ विचारसरणीचे अग्रणी नेते होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी सुमारे १८ वर्षे अध्यापन केले. १९०५ मध्ये बनारस येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

ब्रिटिश भारतात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, यासाठी वरिष्ठ कायदेमंडळात १९१० मध्ये ठराव आणि १९११ मध्ये विधेयक मांडणारे सभासद म्हणून भारतीय शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९१२ मध्ये हे विधेयक फेटाळले गेले. मात्र प्रत्येक मुलाला शिक्षण देण्याची जबाबदारी कोणाची, त्याचा खर्च कोणी उचलायचा आणि पुरेसे प्रशिक्षित शिक्षक नसताना शाळा वाढवाव्यात की नाही, हे त्या चर्चेत पुढे आलेले प्रश्न नंतरच्या शतकातही कायम राहिले.

बालपण आणि शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी, आजोळी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. आईचे नाव सत्यभामा. घरची परिस्थिती बेताची होती. प्राथमिक शिक्षण कागल येथे झाल्यावर पुढील शिक्षणासाठी थोरले बंधू गोविंदराव यांच्यासोबत त्यांना कोल्हापूरला पाठविण्यात आले.

१८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले. तेव्हा गोपाळराव १३ वर्षांचे होते. कुटुंबाचा भार उचलण्यासाठी गोविंदरावांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोपाळरावांनी या काळात अतिशय काटकसरीने दिवस काढले. त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले ते थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण थांबविल्यामुळे.

१८८१ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे शिक्षण घेतले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. १८८४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, ते बी.ए. झाले.

अध्यापन

पदवी मिळाल्यानंतर त्या काळच्या सुशिक्षित तरुणांप्रमाणे सरकारी नोकरी किंवा वकिली हे मार्ग गोखले यांना मोकळे होते. कायद्याचा अभ्यास त्यांनी सुरूही केला होता. परंतु १८८५ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपये वेतनावर साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी १८८० मध्ये ही शाळा सुरू केली होती व गोपाळ गणेश आगरकर लवकरच तीत सामील झाले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि त्यापाठोपाठ फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना झाली. आगरकर आणि टिळक यांच्या सहवासाने प्रभावित होऊन गोखले १८८६ मध्ये सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर २० वर्षे सेवा करावी, असा संस्थेचा दंडक होता.

गोखले यांनी प्रारंभी गणित शिकविले. ना. ज. बापट यांच्या साहाय्याने त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले आणि अन्य भारतीय भाषांतही गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणिताखेरीज इंग्रजी साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र हेही विषय शिकविले. ज्या विषयाला अध्यापक उपलब्ध नसे, तो विषय ते अभ्यास करून शिकवावयास घेत. त्यांच्या अध्यापनाचा विशेष काटेकोर तयारी हा होता. आकडेवारीवरील पकड आणि मुद्देसूद मांडणी हे जे गुण पुढे त्यांच्या कायदेमंडळातील भाषणांत दिसले, ते वर्गातच घडले असे त्यांचे चरित्रकार मानतात.

संस्थेच्या अंतर्गत वादांमुळे १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यानंतर गोखले यांच्यावर संस्थेचे चिटणीसपद आले. सुट्ट्यांच्या काळात गावोगावी फिरून त्यांनी महाविद्यालयाच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा केली. लोकवर्गणीवर शिक्षणसंस्था चालविणे किती कष्टाचे असते, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता. १९०२ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले.

सार्वजनिक जीवन

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले सार्वजनिक कार्यात आले. रानडे त्यांच्याकडून अहवाल, अंदाजपत्रके व सरकारी कागदपत्रे यांचा कसून अभ्यास करवून घेत. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन, सभेचे चिटणीसपद आणि आगरकरांच्या 'सुधारक' पत्रातील इंग्रजी विभागाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन सभेचेही ते कार्यकर्ते होते.

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडन येथे साक्ष दिली. तेव्हा ते ३० वर्षांचे होते. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांविरुद्ध, स्वदेशातून आलेल्या पत्रांच्या आधारे, त्यांनी काही आरोप केले. परतल्यावर पुरावा देता न आल्याने त्यांनी जाहीर माफी मागितली. या प्रसंगामुळे त्यांच्यावर स्वकीयांकडून तीव्र टीका झाली.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर आणि १९०२ मध्ये गव्हर्नर जनरलच्या वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून आले. पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम केले. स्थानिक संस्थांच्या क्षमतेविषयी आणि मर्यादांविषयी त्यांची मते या अनुभवातून तयार झाली.

वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे विशेष गाजली. सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडते, ती प्रजेच्या समृद्धीमुळे नव्हे, तर करांचा बोजा गरजेपेक्षा अधिक ठेवल्यामुळे पडते, असे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा, लष्करी खर्चाला आळा घालावा आणि वाचलेला पैसा शिक्षण, आरोग्य व शेती यांवर खर्च करावा, अशी त्यांची सातत्याची मागणी होती. मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने कमी झाला. शिक्षणावरील खर्च मात्र त्यांच्या अपेक्षेइतका वाढला नाही.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) स्थापन केला. अल्प मानधनावर आयुष्यभर देशसेवा करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते तयार करणे हा त्याचा हेतू होता. समाजात दाखल होणाऱ्या सभासदाला प्रारंभीची काही वर्षे अभ्यास व प्रवास यांत घालवावी लागत.

प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न

पार्श्वभूमी

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणाकडे लक्ष देणे हे सरकारचे कर्तव्य मानले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा काढण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात पैशाचा मोठा ओघ उच्च शिक्षणाकडे राहिला. १८८२ च्या हंटर आयोगापुढे दादाभाई नौरोजी आणि जोतीराव फुले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शेतकरी व कष्टकऱ्यांकडून घेतलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा फुले यांचा मुख्य आक्षेप होता. १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी समाजातून यावेत व प्रमाणपत्रधारक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये वेतन मिळावे, असे फुले यांनी सुचविले होते. आयोगानंतर प्राथमिक शाळांची व्यवस्था लोकल बोर्डे व म्युनिसिपालिट्यांकडे गेली. या संस्थांचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने शिक्षणाचा विस्तार मंद राहिला.

१९०१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरांचे प्रमाण सुमारे ५.३ टक्के होते. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, ते ५.९ टक्क्यांवर पोहोचले. याच काळात बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी वेगळा मार्ग घेतला होता. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. भारतीय परिस्थितीत सक्तीचे शिक्षण अशक्य आहे, या युक्तिवादाला बडोद्याचे उदाहरण हे उत्तर आहे, असे गोखले यांनी पुढे वारंवार मांडले.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत गोखले यांच्या शिक्षणविषयक भूमिकेचे दोन पैलू स्पष्ट झाले. विद्यापीठांवरील सरकारी नियंत्रण वाढविणाऱ्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याला त्यांनी कसून विरोध केला. प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत मात्र सरकारने अधिक जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. उच्च शिक्षणासाठी समाज संस्था उभारू शकतो, हे त्यांनी फर्ग्युसनमध्ये अनुभवले होते. खेड्यापाड्यांतील कोट्यवधी मुलांना शाळेत आणण्याचे काम लोकवर्गणीने होणारे नव्हते.

१९१० चा ठराव

१८ मार्च १९१० रोजी गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडला. देशभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यास सुरुवात करावी आणि त्याची योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचा आयोग नेमावा, अशी त्यात मागणी होती. ज्या भागात ३३ टक्के मुलगे आधीच शाळेत जात आहेत, तेथे प्रथम ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांना सक्ती लागू करावी, खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने व एक-तृतीयांश भाग स्थानिक संस्थांनी उचलावा, असे त्यांनी सुचविले. पैसा उभा करण्याचे मार्गही त्यांनी मांडले. आयात जकात ५ टक्क्यांवरून ७.५ टक्के करणे हा त्यांतील एक होता.

सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी मध्यवर्ती सरकारात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले आणि सर हारकोर्ट बटलर यांच्याकडे ते सोपविण्यात आले. सक्तीच्या शिक्षणाबाबत मात्र हालचाल झाली नाही.

१९११ चे विधेयक

१६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी प्राथमिक शिक्षण विधेयक मांडले. त्याचा आराखडा इंग्लंडमधील १८७० व १८७६ च्या शिक्षण कायद्यांवर बेतलेला होता. इंग्लंडमध्येही सक्ती एकदम देशभर लागू झाली नव्हती. प्रथम स्थानिक शाळा मंडळांना तसा अधिकार मिळाला आणि १८८० मध्ये ती सार्वत्रिक झाली. हाच क्रम भारतात अनुसरावा, असा गोखले यांचा विचार होता.

विधेयकातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या:

• सक्ती लागू करण्याचा निर्णय म्युनिसिपालिटी किंवा जिल्हा बोर्ड घेईल व त्यास प्रांतिक सरकारची पूर्वसंमती लागेल.
• त्या क्षेत्रातील ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असली पाहिजेत. हे प्रमाण सरकार ठरवील.
• सक्ती ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांना लागू होईल. मुलींना ती पुढे लागू करता येईल.
• ज्या पालकांचे उत्पन्न दरमहा १० रुपयांपेक्षा अधिक नाही, त्यांच्या मुलांकडून फी घेतली जाणार नाही.
• खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसविता येईल.
• मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना व शाळेच्या वयाच्या मुलांना कामावर ठेवणाऱ्यांना दंड होऊ शकेल. आजारपण, शाळेचे अंतर अशा कारणांसाठी सूट असेल.

विधेयक मुद्दाम मवाळ ठेवलेले होते. सरकारच्या संमतीविना ते कोठेही लागू होणार नव्हते. हे पाऊल लहान असले, तरी शिक्षण ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली सोय नसून मुलाप्रती असलेले कर्तव्य आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य व्हावे, अशी गोखले यांची भूमिका होती. त्यांच्या दृष्टीने सक्तीला दोन बाजू होत्या. पालकाने मुलाला शाळेत पाठविले पाहिजे, तसेच स्थानिक संस्थेने व सरकारने शाळा, जागा व शिक्षक पुरविले पाहिजेत. ज्या स्थानिक संस्थेला ही सोय करता येत नाही, तिने पालकावर सक्ती करणे योग्य ठरत नाही.

विधेयक वर्षभर लोकमतासाठी फिरविण्यात आले. गोखले यांनी त्याच्या समर्थनार्थ अनेक ठिकाणी सभा घेतल्या. राष्ट्रीय सभेने पाठिंबा दिला. कायदेमंडळात मोहम्मद अली जिना, भूपेंद्रनाथ बसू, मझहरुल हक आदी सभासदांनी बाजू घेतली.

आक्षेप आणि शिक्षकांचा प्रश्न

बहुतेक प्रांतिक सरकारांनी विधेयकास प्रतिकूल मत दिले. लोकांकडून सक्तीची मागणी नाही, स्थानिक संस्था नवा कर बसवू इच्छीत नाहीत, स्वेच्छेने होणाऱ्या विस्तारालाच अजून पुष्कळ वाव आहे आणि सक्तीमुळे असंतोष निर्माण होईल, असे आक्षेप घेण्यात आले. बड्या जमीनदारांचाही विरोध होता. शेतावर व गुरांमागे राबणारी मुले शाळेत गेल्यास मजूर मिळणार नाहीत, ही भीती त्यामागे होती.

यांतील सर्वांत वजनदार आक्षेप प्रशिक्षित शिक्षकांच्या तुटवड्याचा होता. त्या काळी प्राथमिक शिक्षकांपैकी बहुसंख्य अप्रशिक्षित होते. खेड्यातील शिक्षकाचे वेतन इतके कमी असे, की शिकलेला माणूस त्या नोकरीकडे वळत नसे. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या गरजेच्या मानाने अल्प होती. शिक्षक तयार नसताना लाखो मुलांना शाळेत आणल्यास शिक्षण नावापुरते राहील. म्हणून प्रथम इमारती सुधाराव्यात, शिक्षक प्रशिक्षित करावेत, वेतन वाढवावे आणि त्यानंतर विस्तार करावा, असे शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते.

प्रशिक्षित शिक्षकांची गरज गोखले यांना मान्य होती. त्यांचा मतभेद क्रमाविषयी होता. सार्वत्रिक शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट निरक्षरता नाहीशी करणे हे आहे व दर्जाचा प्रश्न, कितीही महत्त्वाचा असला, तरी त्यानंतरचा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. साधी शाळा व साधा शिक्षक प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवावा. चांगली इमारत व प्रशिक्षित शिक्षक यांची वाट पाहत बसल्यास आणखी कित्येक पिढ्या अक्षरओळखीवाचून जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी अधिकाऱ्यांनीच केलेल्या हिशेबाप्रमाणे, चालू गतीने सर्व मुलांना शाळेत आणण्यास अनेक पिढ्या लागणार होत्या. शिवाय शिक्षकांचा तुटवडा ही नैसर्गिक आपत्ती नव्हती. वेतनावर व प्रशिक्षणावर पैसा खर्च न केल्यामुळे तो निर्माण झाला होता. त्यामुळे तो तुटवडाच विस्तार थांबविण्याचे कारण म्हणून पुढे करणे त्यांना मान्य नव्हते.

विधेयकाचा पराभव

डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपयांचे अनुदान जाहीर झाले. मात्र विधेयकाबाबत सरकारची भूमिका बदलली नाही. मार्च १९१२ मध्ये गोखले यांनी विधेयक प्रवर समितीकडे सोपवावे, असा प्रस्ताव मांडला. दोन दिवस चर्चा झाली. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. वरिष्ठ कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असल्याने हा निकाल अपेक्षित होता व गोखले यांनी मतदानापूर्वीच तशी जाणीव व्यक्त केली होती.

१९१३ चा सरकारी ठराव

२१ फेब्रुवारी १९१३ रोजी सरकारने शिक्षणविषयक धोरणाचा ठराव प्रसिद्ध केला. सक्तीचे तत्त्व त्यात नाकारण्यात आले, परंतु प्राथमिक शाळांचा मोठा विस्तार करण्याचे धोरण मान्य झाले. शिक्षकांविषयीच्या तरतुदी त्यात तपशीलवार होत्या. ज्या वर्गातील मुले शिकणार, त्याच वर्गातून शिक्षक घ्यावेत, त्यांनी देशी भाषेतील मिडल परीक्षा व एक वर्षाचे प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, प्रशिक्षित शिक्षकास दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, त्यास निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीची सोय असावी आणि एका शिक्षकाकडे ५० पेक्षा अधिक, व शक्यतो ३० ते ४० पेक्षा अधिक, विद्यार्थी नसावेत, अशा शिफारशी त्यात होत्या. फुले यांनी ३१ वर्षांपूर्वी हंटर आयोगापुढे सुचविलेला वेतनाचा आकडाही हाच होता. पहिल्या महायुद्धामुळे या ठरावातील बऱ्याच गोष्टी कागदावरच राहिल्या.

अखेरची वर्षे

१९१२ च्या उत्तरार्धात गोखले यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून तेथील भारतीयांच्या प्रश्नांची पाहणी केली. या दौऱ्यात गांधी त्यांच्यासोबत होते. भारतातील सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचेही ते सभासद होते. १९१४ मध्ये देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला.

मधुमेह व सततचे श्रम यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे दोन मुली होत्या. त्यांच्यानंतर भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. शास्त्री हेही पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते.

मूल्यमापन

गोखले यांच्या विधेयकाच्या मर्यादा त्यांच्या हयातीत व नंतरही दाखविल्या गेल्या. ते प्रारंभी केवळ मुलग्यांपुरते होते. ६ ते १० ही वयोमर्यादा तोकडी होती. अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोपविल्याने, जेथे शिक्षणाची गरज सर्वाधिक, अशा मागास व निर्धन भागांपर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचले असते. ३३ टक्क्यांसारख्या अटीचा परिणामही तोच होता. अस्पृश्यतेविरुद्ध गोखले यांनी १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत ठराव मांडला होता. विधेयकाचा भर मात्र मुलाला शाळेपर्यंत आणण्यावर होता. शाळेत आलेल्या मुलाला कोण व कोणत्या वृत्तीने शिकवितो, हा फुले यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यात मागे राहिला.

दर्जाआधी विस्तार, या गोखले यांच्या भूमिकेविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. निरक्षरतेचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशात दुसरा मार्ग नव्हता, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते अप्रशिक्षित शिक्षकांवर आधारलेल्या शाळांत मुले टिकत नाहीत आणि शिकलेली अक्षरेही विसरतात, त्यामुळे अशा विस्ताराचा लाभ मर्यादित राहतो. गरिबांच्या मुलांच्या वाट्याला साधा शिक्षक आणि सधनांच्या मुलांच्या वाट्याला प्रशिक्षित शिक्षक, ही विभागणी त्यातून पक्की होण्याचा धोकाही दाखविला जातो. गोखले यांना ही अवस्था तात्पुरती अपेक्षित होती. सरकारने दोन-तृतीयांश खर्च उचलल्यास दर्जाही क्रमाने सुधारेल, हे त्यांच्या योजनेत गृहीत होते. सरकारी वाटा नाकारला गेल्याने त्या गृहीतकाची परीक्षा झालीच नाही.

वारसा

विधेयकाच्या पराभवानंतर काही वर्षांतच त्यातील कल्पना निरनिराळ्या प्रांतांत व संस्थानांत कायद्याच्या रूपाने आल्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतातील म्युनिसिपालिट्यांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा संमत झाला. त्याची रचना गोखले यांच्या विधेयकाशी मिळतीजुळती होती. अन्य प्रांतांनीही त्यानंतर असे कायदे केले. मात्र अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर अवलंबून राहिल्याने त्यांचा परिणाम विस्कळीत राहिला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. ते मुदतीत साध्य झाले नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यानुसार केलेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलाला प्रवेश देणे, त्याची हजेरी व शिक्षण पूर्ण होणे याची खात्री करणे ही सरकारची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असे हा कायदा सांगतो. शिक्षकाची किमान अर्हता आणि प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्यात घालून दिले आहे. १९१२ मध्ये पर्याय म्हणून मांडल्या गेलेल्या दोन गोष्टी, म्हणजे प्रत्येक मुलासाठी शाळा आणि प्रत्येक शाळेसाठी पात्र शिक्षक, अशा रीतीने एकाच कायद्यात बंधनकारक झाल्या.

गोखले यांच्या स्मरणार्थ १९१८ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटी ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली.